पेडरची भट्टी

नोव्हेंबर आला की आमच्याकडे साउथहॅम्प्टनला धूर वर जायचं सोडून देतो. हवा ओली आणि जड झालेली असते. धूर कुंपणाच्या उंचीपर्यंत चढतो आणि तिथूनच आडवा पसरतो. कुणी परसात ओली पानं पेटवलेली असतात, कुणी जुन्या फायरप्लेसमध्ये लाकडं घातलेली असतात, पोरांनी उडवलेल्या फटाक्यांचा वास कोपऱ्यांवर रेंगाळत असतो. काल सकाळी कामावर निघालो, काचेवरचं दव पुसायला गाडीची खिडकी खाली केली आणि तो वास आत आला. पुढे बंदराकडे धुकं होतं. धुक्यात कुठलंसं जहाज थांबून थांबून भोंगा देत होतं. मी इंजिन चालू ठेवून तसाच बसून राहिलो.

पाच वर्षं झाली त्या नोव्हेंबरला. दोन हजार चार साल. कॅलेंडरवर तो महिना इतर महिन्यांएवढाच होता. पण मागे वळून पाहिलं की त्या वर्षातलं मला दुसरं काही दिसत नाही. त्या वर्षी लेकीची परीक्षा झाली, घराचं छप्पर दुरुस्त झालं, नागपूरहून बहीण येऊन गेली. हे सगळं झालं असणार, कारण त्याच्या पावत्या आणि फोटो आहेत. आठवतो तो मात्र फक्त धूर.

मी आठवणींत रमणारा माणूस नाही. बंदरात माझं काम कंटेनरचं. कुठला डबा जहाजावर कुठे चढवायचा हे ठरवायचं. जड खाली, हलका वर, एका बाजूला भार जाऊ द्यायचा नाही. बेरीज चुकली तर जहाज कलतं. म्हणून बेरीज चुकवायची नाही आणि जी बेरीज होत नाही तिला होत नाही असं सरळ म्हणायचं, एवढं मला येतं. बाकी माझ्यात विशेष काही नाही.

आमचं घर म्हणजे एका जोडघराचा अर्धा भाग. दुसऱ्या अर्ध्यात तेव्हा आयनार राहायचा. ऐंशी ओलांडलेला, नॉर्वेचा माणूस. दुसऱ्या महायुद्धाच्या लढाईनंतर इथल्याच एका बाईशी लग्न करून राहिला, ती बाई आम्ही यायच्या आधीच गेलेली. आमच्या दोघांत एक भिंत होती, आणि त्या भिंतीतून त्याचा खोकला यायचा. सकाळी उठल्यावर बराच वेळ, मग थोडा थांबून पुन्हा. विद्या, माझी बायको, हॉस्पिटलात नर्स आहे. ती खोकला ऐकून सांगायची की हा सर्दीचा नाही, छातीत जुनं काहीतरी बसलंय. तो मला "नेबर" म्हणायचा, कारण माझं नाव त्याला एकदाच उच्चारता आलं आणि तेही चुकीचं. मी त्याला "मिस्टर आयनार" म्हणायचो, आपण नावापुढे साहेब लावतो तसं. त्याला त्याचं हसू यायचं. जहाजावर त्याच्या कॅप्टनलासुद्धा एवढ्या मानाने कुणी हाक मारली नव्हती म्हणे.

घर घेतलं त्या पहिल्याच वर्षीची गोष्ट. परसात पानांचा ढीग करून मी दुपारी काडी लावली. पानं ओली होती. पिवळट धुराचा लोट उठला आणि भिंतीसारखा उभा राहिला. आयनार कुंपणाशी आला. मला वाटलं, आता तक्रार. त्याचा चेहरा पांढरा पडला होता. पण त्याने काही तक्रार केली नाही. एवढंच म्हणाला की दिवसा पेटवू नका, अंधार पडल्यावर पेटवा. जगातला प्रत्येक शेजारी याच्या उलट सांगेल. मी मान हलवली आणि बादलीभर पाणी ओतलं. रात्री जेवताना विद्याला सांगितलं, तर ती म्हणाली, वय झालंय आजोबांचं, वाद घालू नका. मी वाद घातला नाही. तेव्हापासून आमची पानं संध्याकाळनंतर पेटायची.

नोव्हेंबरच्या पाच तारखेला इथे एका जुन्या फसलेल्या कटाच्या आठवणीने गावभर होळ्या पेटतात, आकाशात बाण सुटतात. दोन हजार चारच्या त्या रात्री आमची मैत्रेयी वरच्या खोलीतून खाली आली आणि म्हणाली, "बाबा, मिस्टर आयनारचा पूर्ण घर अंधारात आहे. आणि तो खिडकीत उभा आहे." तिचं मराठी असंच आहे, इथलं. मी वर जाऊन पाहिलं. शेजारच्या खिडकीत त्याची आकृती होती. सगळा रस्ता आकाशाकडे पाहत होता. तो पाहत होता छपरांच्या वर साचलेल्या धुराकडे, आणि तो धूर कुठे चाललाय त्या दिशेकडे.

मी चंद्रपूरचा. आमच्या गावाला धुराचं कौतुक नाही आणि भीतीही नाही. खाणीचा कोळसा, वीज केंद्राच्या चिमण्या आणि घरोघरच्या सिगड्या. सिगडी अंगणात पेटवायची, खाली गोवरीचे तुकडे, वर कोळसा. धूर सरून निखारा लाल झाला की मग उचलून आत न्यायची. आई आतून सांगायची, "वारा पाहून ठेवत जा न रे सिगडी. त्या काकूच्या घरात चालला सारा धूर." काकू मग भिंतीपलीकडून खोकून दाखवायच्या, खोकला नसला तरी. त्यांच्या सिगडीचा धूर आमच्याकडे वळला की आई खोकायची. दोन्ही बाजूंचा हिशेब सारखा राहायचा. आपला धूर आपल्या घरापुरता राहत नाही हे मला तेवढ्यापासून माहीत आहे. पण तो किती लांब जातो आणि तिथे जाऊन काय करतो, हे विचारायची वेळ कधी आली नव्हती.

ती वेळ त्या नोव्हेंबरात आली. लढाईत गेलेल्यांच्या स्मरणाचा रविवार होता. कोटांवर कागदाची लाल फुलं, रस्त्याने छातीवर पदकं लावलेले म्हातारे सावकाश चाललेले. आयनार गेला नव्हता. दारात उभा होता. मी विचारलं की तुम्हीही त्या लढाईत होतात ना, मग गेला नाहीत? तो म्हणाला, आत या. आणि चहा पुढे ठेवून त्याने दोन गोष्टी सांगितल्या. डिसेंबरात त्याच्या छातीचं ऑपरेशन ठरलं होतं आणि त्यातून तो उठेलच असं डॉक्टर म्हणत नव्हते. आणि त्याआधी त्याला एक गणित सोडवून हवं होतं.

"तुम्ही आकड्यांचे माणूस," तो म्हणाला. "मला दिलासा नको. गणित हवंय."

मग त्याने सांगितलं ते मी माझ्या शब्दांत सांगतो.

लढाई सुरू झाली तेव्हा तो पोरसवदा होता आणि एका नॉर्वेजियन आगबोटीवर कोळसा घालणारा, म्हणजे स्टोकर होता. जुनी बोट, तेलावर नाही, कोळशावर चालणारी. तिला नाव नॉर्वेतल्या कुठल्याशा डोंगराचं. जर्मनांनी नॉर्वे घेतला तेव्हा ती भर समुद्रात होती. तशा शेकडो बोटी होत्या. त्यांना घरी परतता येईना. त्यांचा राजा लंडनला आला, आणि बोटी इंग्लंडच्या कामाला लागल्या. आईवडील किनाऱ्यावर, पोरं पाण्यावर, आणि मधे लढाई संपेपर्यंत एक पत्रही धड नाही. अमेरिकेच्या बाजूने गहू, लाकूड, लोखंड भरायचं आणि इकडे आणायचं. एकट्या बोटीला पाणबुडी टिपते, म्हणून सगळ्यांनी मिळून जायचं. त्याला ते कॉन्व्हॉय म्हणत. रांगा करून चालणारा जहाजांचा मोठा ताफा, कडेने लढाऊ बोटींचा पहारा. ताफ्याचा वेग सगळ्यांत सावकाश जहाजाचा. जे मागे पडलं ते गेलं.

आणि त्या ताफ्याचा पहिला नियम होता की धूर करायचा नाही. जहाज दिसायच्या कितीतरी आधी त्याचा धूर दिसतो. क्षितिजाच्या खालून एक काळी रेघ वर येते, आणि पाणबुडीवरच्या माणसाला तेवढी पुरते. तेलावरच्या बोटींना हे सोपं. कोळशाच्या बोटींना ताफ्यातले लोक शिव्या घालत. आयनार हसून म्हणाला की त्या सगळ्या शिव्या तो अजून सहा भाषांत देऊ शकतो.

आता भट्टीचं. बॉयलरच्या भट्टीत कोळसा जळतो, पण खाली राख वितळून तिचा दगड होतो. तो जाळीवर बसला की खालून हवा येत नाही, आग मरते, वाफ उतरते, बोट मागे पडते. म्हणून पाळीपाळीने भट्टी साफ करायची. निखारा एका बाजूला ओढायचा, लांब सळईने दगड फोडून बाहेर काढायचा, मग उरलेला निखारा पसरून त्यावर ताजा कोळसा टाकायचा. तो पेट घेईपर्यंत चिमणीतून काळाकुट्ट धूर निघतो. ताफ्यात असताना हे काम अंधारातच करायचं, असा हुकूम होता.

पण स्टोकरांचा स्वतःचाही एक नियम होता आणि तो कुठल्याही हुकुमाहून जुना होता. पुढच्या पाळीच्या माणसाच्या हातात घाण भट्टी द्यायची नाही. दिलीत तर तो बोलणार नाही, पण त्याच्या मनातून तुम्ही उतरता, आणि जहाजाच्या तळातल्या त्या उष्म्यात माणसाला माणसाच्या मनाशिवाय दुसरा आधार नसतो. आयनारची पाळी दुपारची होती. त्याच्यानंतर त्या भट्टीवर पेडर यायचा, त्याच्याच गावचा, शाळेतला सोबती. पेडरला ताप होता. डोळे लाल, हात थरथरणारे, तरी तो शिडी उतरून यायचा, कारण आजारी म्हणून वर झोपलं तर त्याचं काम दुसऱ्या दोघांवर पडतं. त्याच्या पाळीत अंधार पडणार आणि भट्टी त्यालाच साफ करावी लागणार. ते काम धडधाकट माणसाला घाम फोडतं. तापातल्याला ते लोळवतं.

म्हणून आयनारने आपली पाळी संपायच्या आधी, उजेड असताना, पेडरची भट्टी साफ केली.

वरून बोलायच्या नळीतून शिट्टी आली. पुढच्या जहाजावर निशाणं चढवली होती, ती यांच्यासाठीच होती, धूर कमी करा म्हणून. वरचा इंजिनियर आत तोंड घालून ओरडला. पण कोळसा पडला होता. पडलेला कोळसा परत घेता येत नाही. थोड्या वेळाने धूर पातळ झाला. पेडर उतरला, भट्टीचं दार उघडून आत पाहिलं, आणि आयनारच्या खांद्यावर हात ठेवला.

अंधार पडल्यावर शेजारच्या रांगेतलं, थोडं मागचं जहाज फुटलं. आयनार डेकवर होता. त्याने आवाजाचं वर्णन केलं नाही. म्हणाला, पाण्यावर लाल दिवे आले. बुडणाऱ्या माणसांच्या जॅकेटला छोटे लाल दिवे असत, अंधारात दिसावं म्हणून. दुसरा हल्ला चुकवायला यांची रांग वळली, आणि ते दिवे यांच्या बाजूने गेले. हाका ऐकू येत होत्या. पण थांबायचं नाही, असा नियम. थांबलेलं जहाज म्हणजे पुढचं बुडणारं जहाज. सगळ्यांत मागे उचलून घेणारी एक बोट असायची, ती त्या खेपेला दुसरीकडे गुंतली होती. दिवे मागे पडत गेले. काही विझले. बाकीचे विझण्याआधीच दिसेनासे झाले.

त्याचा प्रश्न एवढाच होता. पाणबुडी आली ती त्याच्या धुरामुळे आली का?

घरी येऊन मी हे विद्याला सांगितलं. तिने हातातला टॉवेल तसाच धरून ऐकलं आणि म्हणाली, "अहो, यात गणित कसलं? नाही म्हणून सांगा. माणूस ऑपरेशनला चाललाय."

मी म्हणालो, करून तर पाहू.

त्या महिन्यातले माझे रविवार मग त्याच्या स्वयंपाकघरात गेले. वारा कुठल्या बाजूने होता, ताफा कुठे चालला होता, आकाश किती स्वच्छ, धूर किती वेळ राहिला, अंधार पडायला किती अवकाश होता. मी एकच प्रश्न वेगवेगळ्या रविवारी, वेगवेगळ्या तोंडाने विचारायचो, कारण साठ वर्षांनी माणसाची आठवण कलते हे मला ठाऊक आहे. विद्या म्हणायची, म्हाताऱ्याची उलटतपासणी घेताय. पण त्याची आठवण कलली नाही. वारा प्रत्येक वेळी त्याच बाजूने आला. मी लायब्ररीत जाऊन पाणबुड्यांवरची पुस्तकं चाळली. पाण्यावर चालताना पाणबुडी त्या ताफ्याच्या दुपटीहून जास्त वेगाने धावत असे, हे कळलं. पाणबुडीची स्वतःची नोंद मिळाली असती तर प्रश्नच मिटला असता. पण ती पाणबुडी त्याच फेरीत पुढे सगळ्या माणसांसकट बुडाली होती. परत येऊन सांगायला कुणी उरलं नव्हतं. हे आयनारला आधीच माहीत होतं. तिथवर तो स्वतः पोहोचला होता.

मग कागदावर मी दोन वर्तुळं काढली. एक, जिथून तो धूर दिसू शकला असता तो समुद्र. दुसरं, जिथून निघून पाणबुडी अंधारापर्यंत त्या जागी पोहोचू शकली असती तो समुद्र. वर्तुळं एकमेकांत शिरली. चांगलीच शिरली. त्या सामाईक तुकड्यात ती असली, तर धुरामुळे आली. तुकड्याच्या बाहेर असली, तर दुसऱ्या कशाने तरी, किंवा योगायोगाने. ती कुठे होती हे सांगणारं कुणी नाही. मी तो कागद उलटसुलट करून पाहिला. बंदरात असा कागद आला असता तर मी त्यावर सही केली नसती.

एका संध्याकाळी विद्याने पुन्हा विषय काढला. या वेळी ती चिडलेली नव्हती. तिच्या वॉर्डात रोज कुणीतरी विचारतं, मी बरा होईन ना, आणि ती हो म्हणते. ते खोटं नसतं, ती म्हणाली. माणसाला रात्र काढायची असते, तेवढ्यापुरतं ते खरं असतं. मी म्हणालो, तो रात्र काढायला विचारत नाहीये. ती म्हणाली, तुम्हाला काय माहीत तो कशाला विचारतोय. मी कागद पुन्हा पुढे ओढला.

मला त्या दिवसांत रस्त्यावरचा प्रत्येक धूर दिसायला लागला. कामावर जाताना कुणाच्या चिमणीतून निघालेली रेघ पाहिली की डोळे आपोआप तिच्या टोकाला जायचे. भारतात फोन केला की आई विचारायची थंडी किती आहे, आणि मी तिला मधेच विचारून बसलो की आपल्या शेजारच्या काकूंना खरंच खोकला होता का गं. ती म्हणाली, अरे, दम्यानेच गेली न ती. हे मला कुणी सांगितलं नव्हतं, की सांगितलं होतं आणि मी ऐकलं नव्हतं, कोण जाणे.

आयनारला हॉस्पिटलात भरती केलं त्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी मी गेलो. खिडकीबाहेर पाऊस होता. पलंगावर तो लहान दिसत होता. हातांच्या कातडीत निळे ठिपके होते, कोळशाचे, साठ वर्षांत न गेलेले. मी खुर्ची ओढली. त्याने डोळ्यांनीच विचारलं.

"शक्य आहे," मी म्हणालो. "तुमच्या धुरामुळे ती आली असेल. नसेलही. सिद्ध होत नाही. पण नाहीच, असं मला म्हणता येत नाही."

त्याने डोळे मिटले. मला ते सहन झालं नाही आणि मी गणिताची दुसरी बाजू पुढे केली. भट्टी तशीच राहिली असती, पेडरच्याने ती झाली नसती, तर वाफ उतरली असती आणि सकाळपर्यंत त्यांची बोट ताफ्याच्या मागे पडली असती. मागे पडलेल्या बोटींचं काय व्हायचं हे त्यानेच मला सांगितलं होतं. म्हणजे त्या साफसफाईने कदाचित एक अख्खी बोट वाचली. निदान पेडर तरी.

तो म्हणाला की पेडर लिव्हरपूलला उतरला, तिथल्या दवाखान्यात बरा झाला. वसंतात दुसऱ्या जहाजावर चढला. ते जहाज पोहोचलं नाही.

शेजारच्या पलंगावरचा माणूस टीव्हीवर कसलीशी शर्यत पाहत होता.

"साठ वर्षं मी बोलायला लागलो," आयनार म्हणाला, "की माझं वाक्य संपायच्या आत लोक म्हणतात, छे, तुझा काय दोष. बायको म्हणाली. पाद्री म्हणाला. कुणाचाच दोष नाही. मग ती माणसं कुणामुळेच मेली नाहीत, नेबर. नुसतीच मेली." तो खोकला, थांबला. "आज कुणीतरी म्हणालं, असेल. तेवढं त्यांचं माझ्याकडे राहू दे. मी गेल्यावर लोक मला चांगला म्हणतील. तेव्हा हे पुसू देऊ नका."

मी हो म्हणालो. हो म्हणताना त्याचा भार किती, हे मी पाहिलं नाही.

ऑपरेशनमधून तो उठला. घरीही आला. नाताळात विद्याने त्याला खिचडी नेऊन दिली, ती त्याने मिटक्या मारत खाल्ली आणि हा जहाजावरच्या स्वयंपाक्याच्या पापांचा उतारा आहे म्हणाला. धुराचं तो पुन्हा एकदाही बोलला नाही. त्याला बरं वाटत होतं का, हे मला सांगता येणार नाही. विद्या म्हणते, तो अधिक खचला होता. मी म्हणतो, अधिक शांत होता. एकच माणूस, एकच भिंत, आणि आमची दोघांची मोजणी आजवर जुळलेली नाही. जानेवारीत एका सकाळी भिंतीपलीकडचा खोकला आला नाही.

त्याने दहन नको, मला पुरा, असं सांगून ठेवलं होतं. का, ते कुणी विचारलं नाही. नॉर्वेहून त्याची पुतणी इंग्रिड आली. उंच, नीटनेटकी, पन्नाशीची बाई. काकाची सगळी व्यवस्था तिने दोन दिवसांत लावली, आणि शेजारी म्हणून मला चार शब्द बोलायला सांगितलं. आदल्या संध्याकाळी विद्या म्हणाली, "मित्राची भट्टी साफ केली, एवढंच सांगा. ते खरंच आहे ना?"

खरं होतं. त्यात एक अक्षर खोटं नव्हतं.

छोटं चॅपल, अर्ध्याहून अधिक बाकं रिकामी. मी उभा राहिलो आणि सांगितलं की आयनार आगबोटीवर स्टोकर होता, त्याचा सोबती तापाने फणफणला होता, आणि त्याला कष्ट पडू नयेत म्हणून आयनारने स्वतः थकलेला असताना त्याची भट्टी साफ केली. बाकांवरचे चेहरे मऊ झाले. इंग्रिडने रुमाल डोळ्यांना लावला. पाद्र्याने मान हलवली. तिथे थांबलो असतो तर भाषण पुरं झालं असतं. विद्या पहिल्या बाकावर होती. ती माझ्याकडे पाहत होती, आणि मी थांबणार नाही हे तिला कळलं होतं.

मी पुढचंही सांगितलं. धूर, निशाणं, अंधार, लाल दिवे. मी सांगितलं की तो धूर पाणबुडीला दिसला असेल किंवा नसेल, आणि कुणालाही आता ते ठरवता येणार नाही. आयनारने जन्मभर ती माणसं स्वतःजवळ ठेवली, आणि त्यांना त्याच्यापासून कुणी सोडवू नये, अशी त्याची इच्छा होती. एवढं बोलून मी खाली बसलो. हीटरच्या नळीत पाणी खुडखुडत होतं, तेवढाच आवाज.

बाहेर पडताना इंग्रिडने विद्याचा हात हातात घेतला. माझा घेतला नाही. तिचं चुकलं असं मला वाटत नाही. ती काकाला निरोप द्यायला आली होती, आणि मी तिच्या हातात आणखी काहीतरी ठेवलं होतं.

परतताना मी गाडी चालवत होतो. पाऊस बारीक होता. विद्या खिडकीबाहेर पाहत होती. सिग्नलला थांबलो, पुन्हा निघालो. मला वाटलं, ती आता घरी गेल्यावर बोलेल, आणि काय बोलेल तेही मला साधारण ठाऊक होतं. घरासमोर गाडी लावली. शेजारच्या खिडकीतले पडदे इंग्रिडने काढून नेले होते.

"अहो," विद्या म्हणाली, "त्या जहाजाचं नाव काय होतं?"

"आयनारच्या?"

"नाही. त्या दुसऱ्या. माणसं गेली ते."

मी सांगितलं. इथे ते लिहीत नाही. त्या माणसांची मुलंनातवंडं कुठेतरी असतील, आणि माझ्याकडे एका शक्यतेपलीकडे काही नाही. विद्याने ते नाव हळू आवाजात म्हणून पाहिलं. तिला नीट आलं नाही. मी पुन्हा सांगितलं. दुसऱ्यांदा तिने ते बरोबर म्हटलं, आणि मग सीटबेल्ट काढला.